पुनरुक्ती काढून टाक

भैयांनी मला आत बोलावलं तेव्हा ती फाईल त्यांच्या स्क्रीनवर उघडीच होती.

“ताई, ही आपल्या रक्तपेढीच्या प्रोजेक्टमध्ये टाकायची. आणि त्यात आपलं आपलं भरायचं. लातूरला जाऊन सरांकडून सगळं काढून घ्या.”

भैया म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठे, पण ऑफिसात सगळेच त्यांना भैया म्हणतात. नांदेडला झेरॉक्सच्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. दवाखाने, लॅब, रक्तपेढ्या यांची सॉफ्टवेअरं आम्ही बनवतो आणि सांभाळतो. त्या वर्षी आम्ही एआय असिस्टंट घेतला होता. त्याला साध्या भाषेत काम सांगायचं आणि तो कोड लिहायचा, जुना कोड बदलायचा, बदल नीट चालतो का याच्या चाचण्याही स्वतःच चालवायचा. मला तो आवडायचा, हे खोटं कशाला सांगू. अडचण एकच होती. त्याला कालचं काहीच आठवत नसे. रोज सकाळी तो नवा कोरा माणूस. म्हणून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एक साधी फाईल ठेवायची असते. हे सॉफ्टवेअर कशाचं आहे, इथे काय चालतं, काय चालत नाही, कशाला हात लावायचा नाही, हे सगळं तिच्यात लिहायचं. असिस्टंट आधी ती वाचतो आणि मग कामाला लागतो.

भैयांनी आणलेली फाईल इंटरनेटवरून उचललेली होती. कुठल्याही प्रोजेक्टला चालेल अशी. तू अनुभवी प्रोग्रामर आहेस. कोड साधा ठेव. पुनरुक्ती दिसली तर काढून टाक. वापरणाऱ्याचा वेळ वाचव. वाचताना त्यातलं काहीच चूक वाटत नव्हतं.

“सर सांगतील ना?” मी विचारलं.

“का नाही सांगणार? पगार देतो मी त्यांना,” भैया म्हणाले. पण मला लातूरला पाठवायचं कारण तेच होतं. भैयांनी फोनवर दोनदा विचारून पाहिलं होतं आणि सरांनी दोन्ही वेळा विषय बदलला होता.

लातूरचं आमचं ऑफिस म्हणजे बसस्टँडच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या, आणि त्यात एकटे सर. सर मूळचे देवणीकडचे, वय पन्नाशीच्या पुढे. रक्तपेढीचं सॉफ्टवेअर पहिल्या ओळीपासून त्यांनी लिहिलेलं. भैयांचे वडील धंदा बघायचे तेव्हापासून ते कंपनीत होते. मी नोकरीला लागले तेव्हा मला डेटाबेस त्यांनीच शिकवला होता. फोनवरून, तासन्‌तास, कधी न चिडता.

मी मुक्कामाला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, उतरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात गेले. सरांनी चहा सांगितला. मी लॅपटॉप उघडला. ते माझ्या शेजारी न बसता समोर बसले, टेबलाच्या पलीकडे.

“हं. इचार,” ते म्हणाले. “इचारलं तेवढं सांगतो.”

आणि त्यांनी खरोखरच तेवढंच सांगितलं. पिशवीची नोंद कुठे होते? सांगितलं. मुदत संपलेली पिशवी यादीतून कशी जाते? सांगितलं. डेटाबेसमधलं अमुक टेबल कशाला? सांगितलं. एका वाक्यात, कधी एका शब्दात. पूर्वी हाच माणूस मी एक विचारलं तर चार सांगायचा, वर म्हणायचा, हे बी ध्यानात ठेव, पुढं कामाला येईल. आता मी टाइप करून वर बघितलं की ते माझ्या बोटांकडे बघत असायचे.

दुपारी डबे उघडले. त्यांच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेपूची भाजी होती. त्यांनी अर्धी भाकरी माझ्या डब्यात ठेवली, नेहमीसारखी. मग खाली बघतच म्हणाले, “बेटा, हे समदं लिहून झालं की भैया मला कशाचा पगार देईल?”

“सर, तसं काही नाही.”

“तसं न्हाई म्हंतेस तू. तू मालक हायेस का?”

मलाही रात्री अंथरुणावर तोच प्रश्न पडायचा, स्वतःबद्दल. मी फाईल लिहीत होते म्हणून आज माझी गरज होती, एवढंच. माझे अब्बा शिलाईचं दुकान चालवतात. तयार कपड्यांची दुकानं आली तेव्हा त्यांच्याकडचे दोन कारागीर गेले आणि अब्बा एकटे उरले. कामाची वाट बघत बसलेल्या माणसाचा चेहरा मी घरात पाहिलेला आहे. सरांच्या चेहऱ्यावर मला तो दिसायला लागला होता.

मी प्रश्न विचारत राहिले. पण आपल्याला जे माहीतच नाही ते विचारायचं कसं? फाईल वाढत होती आणि मला मात्र ती पोकळ वाटत होती.

अशात भैयांचा फोन आला. रक्तपेढीने एका कॉलेजात मोठं शिबिर ठेवलं होतं. एका दिवसात भरपूर पिशव्या येणार, नोंदी करायला माणसं कमी. त्यांची तक्रार जुनीच होती की आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच गोष्ट दोन दोनदा भरावी लागते. “शिबिराच्या आधी ते सोपं करून देऊ म्हणालोय मी. जुना डोनर आला, मोबाइल नंबर टाकला, की सगळी माहिती आपोआप भरली पाहिजे. असिस्टंटकडून करून घेतो, तासाभराचं काम आहे.”

“भैया, फाईल अर्धवट आहे. थोडं थांबा. सरांना एकदा दाखवू.”

“सरांना दाखवलं की पंधरा दिवस गेले. चाचण्या पास झाल्या की टाकतो.”

मी फोन ठेवला. सर खिडकीपाशी उभे होते. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मला वाटलं, भैया काही इतक्यात करत नाहीत. आणि खरं तर सरांसमोर भैयांचं वाक्य उच्चारायची माझी हिंमत झाली नाही.

शिबिर झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवणं झाल्यावर, ऑफिसचा फोन वाजला. रक्तपेढीतला टेक्निशियन होता. मी स्पीकरवर घेतला, कारण तो बहुतेक सरांशीच बोलायचा.

“सर, नवी स्क्रीन लई भारी झाली बघा,” तो म्हणाला. “कालच्या निम्म्या पिशव्यांचे लेबल निघाले बी. आता गट दुसऱ्यांदा इचारतच न्हाई. जुना डोनर आसला की आपोआप येतोय. आधीच करून द्यायचं की हो.”

सरांच्या हातात पेन होतं. ते त्यांनी हळूच टेबलावर ठेवलं.

“गट कुठून येतोय?” त्यांनी विचारलं.

“मागच्या नोंदीतून. नंबर टाकला की भरलेलाच दिसतोय.”

“छपाई थांबव. आत्ता. एक बी पिशवी बाहेर देऊ नको. डॉक्टरबाईला सांग मी येऊन राहिलो.”

ते चपला घालून निघालेसुद्धा. मी लॅपटॉप तसाच उघडा काखेत घेतला आणि त्यांच्यामागे जिना उतरले. आम्ही रिक्षात बसलो. मीच विचारलं, “सर, काय झालंय?”

“मागच्या बारीचा गट कधीच उचलायचा न्हाई,” ते म्हणाले. “हर पिशवी नवी. एकानं तपासून भरायचा, दुसऱ्यानं पुन्हा तपासून भरायचा. पहिल्यानं काय भरलं ते दुसऱ्याला दिसू द्यायचं न्हाई. दोन्ही जुळले तरच लेबल. आसा बांधलाय मी तो कोड.”

“दोन वेगवेगळ्या स्क्रीन त्यासाठी होत्या?”

“मग कशापाई?”

त्या दोन स्क्रीन मी स्वतः पाहिल्या होत्या. एकच माहिती दोनदा विचारणारा जुन्या पद्धतीचा कोड, असंच मला वाटलं होतं. असिस्टंटला वेगळं काय वाटणार? त्याच्या हातात आम्हीच फाईल दिली होती. तिच्यात लिहिलं होतं, पुनरुक्ती दिसली तर काढून टाक.

रक्तपेढीच्या खिडकीबाहेर नातेवाईक उभे होते. हातात चिठ्ठ्या, बर्फाचे डबे. आत डॉक्टरबाई टेबलाशी उभ्या होत्या. या तिथल्या प्रमुख, साठीच्या आसपासच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांनी सरांचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. मग टेक्निशियनला एवढंच विचारलं, “सकाळपासून किती बाहेर गेल्या?”

एक गेली होती. जवळच्याच एका खासगी दवाखान्यात, बाळंतिणीसाठी.

“क्रॉसमॅच केलं होतं मॅडम,” टेक्निशियन म्हणाला. पेशंटच्या रक्ताशी पिशवीतलं रक्त जुळवून बघतात, त्याला क्रॉसमॅच म्हणतात. गटाची चूक असली तर तिथे सापडते, असं त्याला म्हणायचं होतं.

“सापडते बहुतेक,” बाई म्हणाल्या. “बहुतेकवर मी सही करत नाही. फोन लावा.”

दवाखान्यात कोणी फोन उचलेना. पुन्हा लावला. मग एका सिस्टरने उचलला. बाईंनी पिशवीचा नंबर सांगितला आणि विचारलं, लावली का. सिस्टर म्हणाली, बघून सांगते. फोन तसाच टेबलावर उघडा. पलीकडून पावलांचा आवाज, कुणाचं तरी बोलणं, भांड्याचा आवाज. आम्ही सगळे त्या फोनकडे बघत उभे. मी मनात दरूद म्हणत होते. सरांचे ओठही हलत होते, ते काय म्हणत होते मला ठाऊक नाही.

“लावली नाही अजून. पेशंट आतच आहे,” सिस्टर म्हणाली.

“लावू नका. मी सांगेपर्यंत लावू नका.”

प्रत्येक पिशवीबरोबर रक्ताची छोटी नळी ठेवलेली असते. त्या पिशवीची नळी काढून बाईंनी स्वतः तपासली. गट बरोबर होता. त्यांनी पुन्हा फोन करून सांगितलं, लावा. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “आता बाकीच्या.”

मी लॅपटॉपवर नवा बदल काढून टाकून जुनी आवृत्ती परत चढवली. पासवर्ड दोनदा चुकला. सर माझ्या मागे उभे होते, म्हणाले, “सावकाश. घाई करून काय करतेस.” तिकडे टेक्निशियन आणि बाई लेबल निघालेल्या एकेक पिशवीची नळी काढून पुन्हा तपासत होते. बाई गट मोठ्याने सांगायच्या, मी स्क्रीनवरच्या नोंदीशी ताडून बघायचे. बरोबर. बरोबर. बरोबर. बाहेर एक माणूस खिडकीवर हात आपटून विचारत होता, किती वेळ लागणार, माझा बाप तिकडं पडलाय. सर बाहेर गेले, त्याच्या शेजारी उभे राहिले, आणि तो गप्प झाला.

मग एका नळीवर बाई थांबल्या. काचपट्टी उजेडाकडे धरली. तपासणी दुसऱ्यांदा केली.

“ओ पॉझिटिव्ह,” त्या म्हणाल्या.

माझ्या स्क्रीनवर बी पॉझिटिव्ह होतं. लेबलवरही तेच.

ज्या मुलाने ती पिशवी दिली होती त्याला फोन करून विचारलं. तो पहिल्यांदाच रक्त देत होता. मोबाइल नंबर थोरल्या भावाचा दिला होता, घरात तोच एक चालू नंबर. थोरल्याने मागे कधीतरी रक्तदान केलेलं. नंबर टाकल्यावर थोरल्याची सगळी माहिती आली, घाईत नाव तेवढं बदललं गेलं, आणि गट राहून गेला. टेक्निशियनने नळी तपासली होती, पण रकाना आधीच भरलेला दिसला, मागे रांग होती, त्याने एंटर दाबलं.

बाईंनी ती पिशवी बाजूला ठेवली. कुणावर ओरडल्या नाहीत. सरांना म्हणाल्या, “हा बदल होणार, हे तुम्हाला आधी ठाऊक नव्हतं?”

सर म्हणाले, “मला कुणी इचारलं न्हाई बाई.” आणि मग ते खाली स्टुलावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

संध्याकाळी मी खालाकडे गेले. तिने दार उघडून माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, “क्या हुआ गे? मुँह कायकू उतर्‍या?” मी म्हटलं, कुछ नहीं. तिने ताट वाढलं. मी ते झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भैया नांदेडहून आले. रात्री झोपले नसावेत. बाईंकडे जाऊन त्यांनी माफी मागितली, आणि ऑफिसात आल्यावर मात्र वाद घालायला लागले. “चाचण्या पास झाल्या होत्या. मी बघितलं. मग चाचण्या कशाला लिहिल्यात?”

“चाचण्या जुन्या आहेत,” मी म्हणाले. “गट परस्पर उचलायचा नाही, याची चाचणी कुणी लिहिलीच नव्हती. असं कुणी करील हेच डोक्यात नव्हतं.”

भैया सरांकडे बघत होते. सर म्हणाले, “मी सांगितलं आसतं. पण मला वाटलं, सांगून टाकलं की मी मोकळा. घरी बसायला मोकळा.”

भैयांनी पाण्याची बाटली उघडली, न पिता तशीच ठेवली. “सर, मी असं म्हटलं का कधी?”

“म्हटलं न्हाई. पर न्हाई म्हणून बी सांगितलं न्हाई.”

भैया खाली गाडीत जाऊन बसले. थोड्या वेळाने वर आले आणि म्हणाले, “फाईल पहिल्यापासून लिहा. दोघं मिळून. लागेल तेवढा वेळ घ्या.” पगाराचं ते काहीच बोलले नाहीत.

मग सर माझ्या शेजारी येऊन बसले. आता ते न विचारता सांगत होते. प्रत्येक नियमामागे काहीतरी घडलेलं होतं. अमुक रकाना कामून रिकामा ठेवायचा, लेबल एकदा निघालं की पुन्हा काढताना कारण कामून लिहायला लावायचं, तारखेचा साचा कामून बदलायचा नाही. मी ते इंग्रजीत लिहून घ्यायचे आणि त्यांना वाचून दाखवायचे. एका ठिकाणी मी ‘शक्यतो टाळावं’ अशा अर्थाचं लिहिलं होतं. सर म्हणाले, “शक्यतो म्हंजे? करायचंच न्हाई आसं लिही. आन्‌ कामून ते बी लिही. नुसतं न्हाई म्हटलं तर माणूस बी ऐकत न्हाई.”

मी ते करून बघितलं. नुसता नियम असला तर असिस्टंट कधीकधी त्याला वळसा घालायचा. खाली दोन ओळींत कारण लिहिलं, की त्याच चुकीच्या जवळपासची दुसरी चूकही तो स्वतःहून ओळखायचा. पुनरुक्तीची ती ओळ मी खोडली. तिच्या जागी लिहिलं, या प्रोजेक्टमध्ये जे दोनदा केलेलं दिसतं ते मुद्दाम दोनदा केलेलं आहे असं धरून चाल, आणि काढण्याआधी विचार.

विचार, पण कुणाला? तिथे मी अडले. बराच वेळ विचार करून मी सरांचं नाव टाकलं. रक्तगटाशी संबंध असलेला कुठलाही बदल या माणसाच्या परवानगीशिवाय करू नये. मी ती ओळ भैयांनाही पाठवली.

भैयांचा लगेच फोन. “ताई, फाईलमध्ये माणसाचं नाव कशाला? मग फाईल लिहून उपयोग काय?”

“भैया, जे आठवलं ते लिहिलंय. जे आठवलं नाही त्याचं काय करायचं?”

“तुम्ही सरांची नोकरी पक्की करताय.”

“करतेय,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवता येईना. “पण ते चूक आहे का सांगा.”

स्पीकर चालू नव्हता, तरी सरांना सगळं ऐकू गेलं असणार. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला नाही. फोन संपल्यावर माझी खुर्ची जरा सरकवून ते स्क्रीनसमोर आले, आपलं नाव शोधलं आणि खोडलं.

“सर?”

“माझं नाव नगं. उद्या मी नसलो, आजारी पडलो, मग तो कोणाला इचारील? हे मला तरी कुठं येत होतं? बाईनंच शिकवलेलं हाय. लिही, रक्तपेढीचे प्रमुख डॉक्टर. जो आसंल तो. त्यांची लेखी परवानगी.”

“पण मग तुमचं...”

“माझं मी बघतो.”

मी लिहिलं. माझे डोळे भरून आले होते, म्हणून चष्मा पुसायचं निमित्त केलं. सर चहा सांगायला खाली गेले.

भैयांनी त्या ओळीला हरकत घेतली नाही. बाईंना ती मराठीत वाचून दाखवली तेव्हा त्यांनी एक शब्द बदलला. ‘परवानगी’च्या जागी ‘तपासून दिलेली परवानगी’.

सरांना भैयांनी काढलं नाही, पण त्यांना पूर्वीचं कामही राहिलं नाही. आता आमच्या इतर गिऱ्हाइकांकडे जाऊन ते माणसांशी बोलतात. शिरूर अनंतपाळच्या एका लॅबपासून नांदेडच्या दवाखान्यापर्यंत. तिथे काय घडलं होतं, काय करायचं नाही, ते ऐकून येतात आणि मला सांगतात. मी लिहिते. कधी आमचं पटत नाही. गेल्या महिन्यात एका नियमावरून त्यांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता.

त्या मुलाने पुन्हा रक्त दिलं की नाही, मला माहीत नाही. रिक्षातला तो रस्ता मात्र मला अजून आठवतो. कुठलाही बदल गिऱ्हाइकाच्या मशीनवर चढवताना माझं बोट बटणावर जरा वेळ थांबतं. भैया म्हणतात, ताई, तुम्ही लई हळू झालात. मी ‘हाव’ म्हणून मान हलवते आणि फाईल पुन्हा एकदा वरून खालपर्यंत वाचते.